एक ट्रेडमिल, दोन वेळापत्रकं

शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, याच्या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. ट्रेडमिलवरची ही चाचणी दहा-बारा मिनिटांत आटोपते. धावणाऱ्याच्या नाकातोंडावर मास्क असतो, छातीला हृदयगती मोजणारा पट्टा असतो. दर मिनिटाला चढ थोडा वाढत जातो आणि शेवटी धावणारा हाताने खूण करतो, की आता बस. क्रीडा व व्यायामशास्त्रात पीएचडी करता करता विद्यापीठात शिकवणं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर या दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. मंगळवारी सकाळी ही चाचणी स्वतःच्या प्रबंधासाठी होते आणि बुधवारी दुपारी वीस विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी. ट्रेडमिल तीच, हिशेबाची रीत तीच. वागावं मात्र अगदी वेगळं लागतं.

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मी चार वर्षं हे केलं. आता आपल्याकडची बरीच मुलं तिकडे या विषयात पीएचडीला जातात. नेमणुकीच्या पत्रात शिकवण्याची एक-दोन वाक्यं असतात आणि त्यांचा नेमका अर्थ काय, असं ती विचारतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तिथे पीएचडी आणि अध्यापन यांची सांगड साधारण तीन तऱ्हांनी घातली जाते. पहिली तऱ्हा म्हणजे ग्रॅज्युएट टीचिंग असिस्टंटची जागा. यात शुल्कमाफी आणि स्टायपेंड किंवा पगार मिळतो आणि त्या बदल्यात ठरावीक तास शिकवायचं असतं. दुसऱ्या तऱ्हेत शिष्यवृत्ती वेगळी असते आणि शिकवणं तासागणिक मेहनतान्यावर चालतं. तिसऱ्या तऱ्हेत माणूस आधीच व्याख्याता असतो आणि पाच-सात वर्षं घेऊन अर्धवेळ पीएचडी करतो. सरकारी संशोधन निधीतून मिळणाऱ्या स्टायपेंडची किमान रक्कम २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होती. तिच्यावर कर लागत नाही. शिकवण्याचा पगार मात्र करपात्र असतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याला उन्हाळ्याची सुट्टी आपोआप लागत नाही. मार्गदर्शकांशी ठरवून घेतलेली रजा सोडली, तर त्याचं सत्र वर्षभर चालूच धरतात.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो वेळापत्रकाचा पेच उमगायला. इतिहासाचा संशोधक शिकवून आला की ग्रंथालयात जाऊन बसू शकतो. आमच्या विषयात संशोधनाचा कच्चा माल म्हणजे जिवंत माणसं. ती सहसा विद्यापीठातलीच तरुण मुलं असतात आणि सप्टेंबरअखेरीपासून मेपर्यंत गावात असतात. नेमक्या त्याच काळात प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकांची गर्दी असते. जूनमध्ये प्रयोगशाळा रिकामी होते, तर मुलं घरी गेलेली असतात. माणसं असतात तेव्हा यंत्र मोकळं नसतं, यंत्र मोकळं असतं तेव्हा माणसं नसतात.

माझ्या एका अभ्यासाचा हिशेब सांगते. १६ सहभागी होते आणि प्रत्येकाच्या चार भेटी ठरल्या होत्या. पहिली भेट यंत्राची आणि मास्कची ओळख व्हावी म्हणून. माणूस पहिल्यांदा मास्क लावतो तेव्हा बावरतो आणि तो बावरलेपणा आकड्यांत उतरतो. पुढच्या तीन भेटी खऱ्या चाचण्यांच्या. एकूण ६४ भेटी, दर भेटीला तयारी आणि आवराआवर धरून अडीच तास, म्हणजे १६० तास. एवढंच असतं तर महिन्याभराचं काम. पण एका माणसाच्या दोन भेटींत किमान आठवड्याचं अंतर हवं, म्हणजे आधीच्या चाचणीचा थकवा उरत नाही. प्रत्येकाची वेळ चारही भेटींत तीच हवी, कारण शरीराचं तापमान आणि दमसास दिवसाच्या वेळेनुसार बदलतात. आदल्या दिवशी जोरकस व्यायाम नको, सकाळी कॉफी नको, जेवण ठरलेलं. त्यात कुणाला सर्दी होते, कुणाचा पाय मुरगळतो, कुणाच्या परीक्षा येतात. बघता बघता पूर्ण सेमिस्टर गेलं. प्रात्यक्षिकं नऊला सुरू व्हायची, म्हणून माझ्या बऱ्याच भेटी सकाळी साडेसहाला होत्या. नोव्हेंबरात तिथे त्या वेळी मिट्ट काळोख असतो.

आता बुधवारच्या प्रात्यक्षिकाकडे वळू. संशोधनात वापरतात ते संगणकाला जोडलेलं यंत्र प्रत्येक श्वासाचा हिशेब आपणच करतं आणि पडद्यावर आलेख काढून देतं. विद्यार्थ्यांना मात्र आम्ही आधी डग्लस बॅगवर शिकवतो. क्लॉड डग्लस यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत अगदी साधी आहे. धावणारा जो श्वास सोडतो तो मिनिटभर एका मोठ्या पिशवीत गोळा करायचा. मग त्यातल्या हवेचं आकारमान मोजायचं आणि तिच्यात प्राणवायू किती उरला ते तपासायचं. १९२३ मध्ये ए. व्ही. हिल आणि हार्टले लप्टन यांनी व्यायामातल्या प्राणवायूच्या वापरावरचं आपलं काम प्रसिद्ध केलं, तेव्हा हिल स्वतः अशीच पिशवी पाठीवर बांधून हिरवळीवर धावले होते. हे सांगितलं की वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यावरची भीती कमी होते. नोबेल मिळवणारा माणूसही प्रयोगासाठी धापा टाकत पळतो, हे त्यांना आवडतं.

पिशवीचा फायदा असा, की हिशेब झाकला जात नाही. समजा, मिनिटाला १०० लिटर हवा बाहेर आली. खोलीतल्या हवेत प्राणवायू २०.९३ टक्के असतो. पिशवीतल्या हवेत तो १६.९३ टक्के निघाला. म्हणजे शरीराने १०० लिटरमागे ४ लिटर प्राणवायू ठेवून घेतला. श्वासाबरोबर आत गेलेली आणि बाहेर आलेली हवा नेमकी सारखी नसते. तिची दुरुस्ती करावी लागते, पण पहिल्या तासाला ती बाजूला ठेवू. माणसाचं वजन ७० किलो असेल, तर दर किलोमागे मिनिटाला ५७ मिलिलिटर. निरोगी तरुणासाठी हा चांगलाच आकडा झाला. लांब पल्ल्याचे अव्वल धावपटू सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात असतात.

मग मी एका गटाला सांगायचे, की तुमच्या यंत्राने १६.९३ ऐवजी १७.१३ दाखवलं असं धरा. फरक फक्त ०.२ चा. मुलं हिशेब करतात आणि उत्तर ५४ येतं. तीन मिलिलिटर कुठेतरी नाहीसे झाले. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: आठ आठवडे घाम गाळून सराव केला तर एखाद्याची क्षमता किती वाढते? अनेकदा वाढ एवढीच असते. म्हणजे यंत्राची बारीकशी चूक दोन महिन्यांची मेहनत गिळू शकते किंवा न केलेल्या मेहनतीचं श्रेय देऊ शकते. कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या मापाशी यंत्र ताडून पाहणं, का करायचं, हे मी मुलांना कधीच व्याख्यानात सांगितलं नाही. या हिशेबानंतर सांगावं लागतच नसे.

वर्गात चूक हवीच असते. कुणी मास्क सैल बांधतं, कुणी पिशवीची तोटी उशिरा उघडतं, कुणी घड्याळ चालू करायला विसरतं. शिकवणाऱ्याने लगेच धावून जायचं नाही. आकडा विचित्र येऊ द्यायचा आणि मग विचारायचं, की हा माणूस खरंच एवढा कमजोर आहे का? मुलं स्वतः मागोवा घेत तोटीपर्यंत पोचतात. संशोधनाच्या सकाळी हीच चूक एका माणसाची आठवड्याभराची तयारी वाया घालवते. तिथे प्रत्येक पायरी कागदावर लिहिलेली असते, दर वेळी त्याच क्रमाने होते, आणि प्रोत्साहनाचे शब्दसुद्धा ठरलेले असतात. एका धावणाऱ्याला ओरडून बळ दिलं आणि दुसऱ्याला गप्प राहून बघितलं, तर दोघांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. वर्गात मी मोकळेपणाने बोलायचे, हसायचे, मुलांना ओरडू द्यायचे. मंगळवारी मी ठरलेली चार वाक्यं ठरलेल्या मिनिटाला म्हणायचे. या दोन सवयी एकमेकींत मिसळू न देणं ही कसरत आहे, आणि ती जमायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

एकदा त्या मिसळल्या. प्रात्यक्षिक संपवून मी मास्कला जोडलेली, श्वासाची हवा मोजणारी छोटी टर्बाइन जंतुनाशकात धुतली. ती रात्रभर वाळायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी तपासलेले अहवाल द्यायचे होते, म्हणून घाईने ती तशीच ओलसर जोडून ठेवली. सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने कॅलिब्रेशन केलं तेव्हा आकडे जुळले. चाचणी सुरू झाली. टर्बाइन सुकत गेली तशी तिची फिरण्याची गती बदलत गेली आणि मोजमाप सरकत गेलं. चाचणीनंतर पुन्हा सिरिंज लावून पाहायची शिस्त होती, म्हणून निदान कळलं तरी. ते आकडे नंतर सुधारता येण्यासारखे नव्हते, कारण कोणत्या मिनिटाला किती सरकले ते सांगता येत नव्हतं. ती मुलगी उपाशीपोटी, काळोखात, सायकलवरून आली होती. मी तिची क्षमा मागितली आणि पुन्हा याल का, असं विचारलं. ती आली. त्या दिवसापासून मी प्रात्यक्षिकाची टर्बाइन आणि संशोधनाची टर्बाइन वेगळी ठेवली, दोन्हींवर दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या. विभागाकडे दुसरी टर्बाइन मागायला दोन ओळींचा ईमेल पुरला. तो आधी पाठवायला हवा होता.

माणसांवर प्रयोग करायचे तर नैतिकता समितीची परवानगी लागते. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून जगभर रुजलेली ही रीत आहे. शिकवणाऱ्या संशोधकासाठी तिच्यात एक जादा गाठ असते. ज्या मुलांचे अहवाल मी तपासते, त्यांनाच प्रयोगाला या म्हणायचं का? मी कितीही सौम्यपणे विचारलं, तरी नाही म्हटलं तर मॅडम गुण कापतील, ही शंका त्यांच्या मनात येणारच. म्हणून आपल्या गटातल्या मुलांना स्वतः विचारायचं नाही. भित्तिपत्रक लावायचं, निरोप दुसऱ्या कुणीतरी द्यायचा, आणि कुणी आलं तर कारण न देता केव्हाही सोडून जाण्याची मुभा लेखी द्यायची. वर्गात गोळा झालेले आकडे प्रबंधात वापरायचे नाहीत. ती परवानगी शिकण्यासाठी होती, संशोधनासाठी नव्हती.

वर्गातही कुणावर सक्ती नसते. चाचणीआधी प्रत्येक जण तब्येतीची प्रश्नावली भरतो. छातीत दुखतं का, चक्कर येते का, औषधं चालू आहेत का. ज्याला धावायचं नाही तो घड्याळ सांभाळतो, नोंदी करतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही. त्वचेखालची चरबी चिमट्याने मोजण्याच्या प्रात्यक्षिकाला तर मी जास्तच जपून असायचे. वजन आणि चरबीचे आकडे फळ्यावर नावानिशी लिहायची जुनी पद्धत काही ठिकाणी दिसते. ती मला क्रूर वाटते. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच मन दुखावलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ती आपणहून सांगत नाहीत.

शिकवण्यामुळे संशोधनाला काय मिळतं, याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण बोर्ग मोजपट्टीचं आहे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने ६ ते २० आकड्यांची पट्टी बनवली. धावणाऱ्याने श्रम किती वाटतात ते बोट ठेवून दाखवायचं. आकडे सहापासून सुरू होतात, कारण ते दहाने गुणले की तरुण माणसाच्या हृदयगतीच्या जवळपास जातात. चाचणीची रंगीत तालीम म्हणून मी कोल्हापूरच्या एका मित्राला ट्रेडमिलवर उभा केला आणि मराठीत विचारलं, ‘किती थकलास?’ तो धावता धावता म्हणाला, ‘तू दम विचारतेस का पाय?’

मी त्याच्याकडे बघतच राहिले. दम लागणं, धाप लागणं हे श्वासाचं. पाय भरून येणं, पिंढऱ्या गच्च होणं हे स्नायूंचं. तालमीत आणि कबड्डीच्या मैदानावर वाढलेला माणूस या दोन्हींची गल्लत करत नाही. संशोधनातही श्वासाचे श्रम आणि पायांचे श्रम वेगळे विचारण्याची पद्धत आहे, मी त्याबद्दल वाचलं होतं, पण माझ्या आराखड्यात ती नव्हती. पुढच्या प्रात्यक्षिकात मी मुलांना दोन आकडे विचारायला लावले. सायकलवर पायांचा आकडा आधी चढताना दिसला, ट्रेडमिलवर दोन्ही जवळजवळ राहिले. वर्गात हा खेळ जमतोय हे पाहिल्यावर मी मार्गदर्शकांशी बोलले, समितीकडून बदलाला मंजुरी घेतली आणि पुढच्या अभ्यासात दोन्ही प्रश्न घातले. प्रबंधाचं एक प्रकरण त्यातून उभं राहिलं.

शिकवणं घेऊन काय जातं, तेही सांगायला हवं. प्रात्यक्षिकाचा तास दोन तासांचा दिसतो, पण त्याआधी यंत्रं तापवायला आणि कॅलिब्रेशनला वेळ लागतो आणि नंतर धुवायला. खरा वेळ खातात ते अहवाल. ४० अहवाल आणि प्रत्येकी २० मिनिटं धरली, तर १३ तास २० मिनिटं होतात. तिथे ४० गुणांना उत्तीर्ण आणि ७० च्या पुढे पहिला वर्ग, त्यामुळे ६८ आणि ७१ यांतला फरक मुलांना फार मोठा असतो. तुमची तपासणी दुसरा शिक्षक पडताळून पाहतो. शेरा लिहिताना फक्त ‘चांगलं’ लिहून चालत नाही, पुढच्या वेळी काय करायचं ते सांगावं लागतं. या सगळ्यासाठी दोन-तीन आठवड्यांची मुदत असते आणि ती मुदत हटकून चाचण्यांच्या ऐन हंगामात येते. तयारी आणि तपासणीचे तास पगारात धरले आहेत की फक्त वर्गात उभं राहण्याचे, हे सही करण्याआधी विचारून घ्यावं. मी पहिल्या वर्षी विचारलं नाही. मार्गदर्शकच त्या विषयाचे प्रमुख होते, नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती. सहा तासांचे नऊ झाले, आणि त्या वर्षी माझा लिहिलेला मजकूर नावापुरताच होता.

लिखाणाला सलग वेळ लागतो. दहा ते बारा वर्ग, बारा ते दोन मोकळे, दोन ते चार वर्ग, अशा दिवसात त्या मोकळ्या दोन तासांत ईमेलच होतात. दुसऱ्या वर्षापासून मी सगळं अध्यापन बुधवार-गुरुवारी मागून घेतलं. मंगळवार आणि शुक्रवारच्या सकाळी चाचण्यांना ठेवल्या आणि सोमवारी प्रयोगशाळेच्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. वेळापत्रक उन्हाळ्यात बनतं. जूनमध्ये मागितलं तर मिळतं, सप्टेंबरात कुणी ऐकत नाही.

अध्यापनाच्या अनुभवावर तिथे ॲडव्हान्स एचई या संस्थेची असोसिएट फेलोशिप मिळवता येते. त्यासाठी आपण कसं शिकवलं, का तसं शिकवलं, मुलं काय शिकली हे लिहून द्यावं लागतं. व्याख्यात्याच्या जागांसाठी तिचा उपयोग होतो. मला मात्र शिकवण्याचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो व्हायवाच्या, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी. बाहेरच्या परीक्षकांचा पहिलाच प्रश्न होता, की कमाल क्षमता खरंच गाठली गेली हे कशावरून ठरवलं? हा प्रश्न मला चार वर्षांत किती विद्यार्थ्यांनी विचारला असेल! प्राणवायूचा आलेख सपाट झाला का, सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि घेतलेला प्राणवायू यांचं गुणोत्तर १.१० च्या पुढे गेलं का, हृदयगती कुठवर चढली, आणि या प्रत्येक कसोटीत काय उणं आहे, हे मी अठरा वर्षांच्या मुलांना समजेल असं सांगत आले होते. त्याच शब्दांत उत्तर दिलं.

आपल्याकडे ही सांगड वेगळ्या वाटेने येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचं काम देता येतं आणि अध्यापनाचं प्रशिक्षणही अपेक्षित आहे. मुदत कमीत कमी तीन आणि प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षं. प्रत्यक्षात शारीरिक शिक्षणातले पुष्कळ संशोधक आधीच महाविद्यालयात नोकरीला असतात. सकाळी मैदान, दुपारी तास, स्पर्धांचा हंगाम आला की संघ घेऊन प्रवास, आणि उरलेल्या वेळात प्रबंध. ट्रेडमिल आणि गॅस अ‍ॅनालायझर बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. पण केनेथ कूपर यांची बारा मिनिटांची धाव किंवा वीस मीटरची बीप टेस्ट यांना मैदान, मोजायची फीत, घड्याळ आणि बीपचं ध्वनिमुद्रण पुरतं. वेळ तीच ठेवा, सूचना त्याच शब्दांत द्या, सरावाची एक भेट आधी घ्या, हे नियम तिथेही तसेच लागू पडतात. साधन साधं म्हणून शिस्त सैल करायचं कारण नाही.

शिवाय ही परंपरा आपल्याला परकी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, तेव्हा उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब कसा बदलतो हे ते उपकरणांनी मोजत होते आणि त्याच संस्थेत योग शिकवतही होते. मोजलेलं ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापलं जात होतं. हिल आणि लप्टन यांच्या कामानंतर अवघ्या वर्षभरात हे इथे चाललं होतं, याचा मला अभिमान वाटतो. आमच्या अभ्यासक्रमात कुवलयानंदांचं नाव मी कधी ऐकलं नाही, म्हणून माझ्या शेवटच्या वर्षी श्वसनाच्या तासाला मीच ते सांगितलं.

तर नेमणुकीचं पत्र हातात आलं, की विभागाला लिहून विचारा: शिकवण्याच्या तासांत तयारी आणि तपासणी धरली आहे का, जास्तीचं काम नाकारायचं तर कुणाशी बोलायचं, संशोधनासाठी वेगळी उपकरणं मिळतील का, पहिल्या सेमिस्टरला अध्यापन थोडं कमी ठेवता येईल का. आणि एक प्रश्न सहसा कुणाला सुचत नाही, तो अवश्य विचारा: प्रयोगशाळेचं दार सकाळी किती वाजता उघडतं?